ओळीची राखण

"गुरुजी, ती पेटी इकडं आणा. माझं मत आत्ताच टाकून ठेवते. उद्या मला कुठली सवड!"

चंद्राबाई कासारणीनं एका मुलीचा हात धरून बांगड्या भरता भरताच मला हाक मारली. मी तहसील कचेरीतून उद्याच्या मतदानाचं सामान घेऊन निघालो होतो. पुढं पोलीस, मागं डोक्यावर रिकामी मतपेटी घेतलेला शिपाई आणि मधे कागदांची पिशवी छातीशी धरलेला मी. मुलींच्या शाळेतल्या केंद्राचा मी केंद्राध्यक्ष होतो.

"चंद्राबाई, पेटीला अजून सील लागायचंय," मी म्हटलं. "आणि मत ज्याचं त्यानंच येऊन द्यायचं असतं."

"मग उद्या तुम्ही बसा इथं बांगड्या भरायला, मी येते."

सगळी ओळ हसली.

ओळ म्हणजे आमच्या तांबखेड्याच्या पेठेतली, मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंतची चाळीस दुकानं. दुकानं म्हणायची इतकंच. पाच हात रुंद लाकडी खोकी, वर पत्रा, पुढं बसायला फळी. कासार, शिंपी, सायकलवाला, कुलपं दुरुस्त करणारा, मडकी विकणारा, आणि अगदी शेवटी, वेशीला टेकून, दोरखंड विकणारे माझे थोरले भाऊ नाना. नानांनी दोर वळूनच मला शिकवलं. स्वतः शाळेचा उंबरा कधी ओलांडला नाही, पण मी मास्तर झालो त्या दिवसापासून चारचौघांत मला 'भास्कर' म्हटलं नाही. "आमचे गुरुजी" म्हणायचे.

ही ओळ पाडायचं घाटत होतं. तिथं दुमजली बाजार बांधायचा आणि गाळे लिलावानं द्यायचे, असा आराखडा नगरपालिकेत तयार होता. लिलावात बोली लावण्याची ऐपत ओळीतल्या एकाचीही नव्हती. अर्ज झाले, हातापाया पडून झालं. शेवटी गेल्या दिवाळीत ओळीनं स्वतःचा पक्ष काढला, 'किरकोळ दुकानदार पक्ष'. गावानं टिंगल केली. "नावातच किरकोळ," असं पेठेतून समोर उभे असलेले सुभानराव देवरे प्रत्येक सभेत म्हणायचे आणि लोक हसायचे. निशाणी मिळाली छत्री. उमेदवार एकच, रंगनाथ वैराळ.

रंगनाथ माझा बालमित्र. पाट्या, पेन्सिली, वह्या विकायचा. पहिलीच्या मुलाला पाटी देताना आधी तिच्यावर स्वतः 'श्री' काढून द्यायचा आणि सांगायचा, "घरी जाईपर्यंत पुसू नको हं." अशा माणसाला राजकारण काय जमणार, असं मलाही वाटत होतं. पण हिशोब सोपा होता. नगरपालिकेच्या पंधरा जागा. चौदा जागांवर दोन मोठ्या गटांचे सात-सात येणार हे पोरंसोरंही सांगत होती. पंधरावी आमच्या पेठेची. रंगनाथ आला तर ज्याला नगराध्यक्ष व्हायचं असेल त्याला त्याच्या एका हाताची गरज लागणार, आणि त्या हाताची अट एकच होती. ओळ पाडायची नाही.

त्या दिवशी तो नानांच्या दुकानासमोर उभा होता. मला बघून पुढं आला.

"भास्कर, तुझ्याशी बोललेलं चालतं ना रे मला? की केंद्राध्यक्ष झालास म्हणून तोंड फिरवायचं?"

"उद्या बोलू नकोस. आज चालतंय."

"उद्या बोलायला वेळ कुणाला आहे! उद्याचा दिवस बघितलास का? आखाजीची आदली तिथी. सरकारला दुसरा दिवस सापडला नाही मतदानाला."

ते खरं होतं. आमच्या खानदेशात आखाजीसारखा सण नाही. सासरच्या लेकी माहेरी येतात. बांगड्या, नवी घागर, आणि झाडाला झोका बांधायला दोर. ओळीची निम्म्या वर्षाची कमाई त्या दोन दिवसांत व्हायची. त्या दिवशी दुकान बंद करून मतदानाच्या रांगेत उभं राहा, असं कुणी कुणाला सांगावं?

"मग तुझी माणसं मत कशी देणार?" मी विचारलं.

"राखणीनं," तो म्हणाला. "आखाजीला पाटी-पेन्सिल कोण घेतं? माझं दुकान बंद. जी माणसं एकटी आहेत, घरात दुसरं कुणी नाही, त्यांच्या फळीवर मी बसणार. एकेकानं जायचं, मत द्यायचं, यायचं. एकोणीस दुकानं आहेत तशी. चंद्राबाईपासून सुरू, नानांपाशी शेवट."

ओळीत राखणीची जुनी रीत होती. शेजाऱ्याच्या फळीवर बसलं की ते दुकान तुमचं. मग देव आला तरी उठायचं नाही. मालकानं परत येऊन, समोर उभं राहून, "ऊठ आता" म्हणायचं, तेव्हाच उठायचं. मालक अंत्यविधीला गेला आणि शेजारी भरल्या पावसात संध्याकाळपर्यंत बसून राहिला, असं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुलपं लावण्याजोगी दारंच नसलेल्या त्या खोक्यांना हीच एक कडी होती.

"आणि तुझं मत?" मी विचारलं.

"सगळ्यांचं झाल्यावर. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं असतं."

दोर गुंडाळता गुंडाळता नाना म्हणाले, "अरे, उमेदवार तू. सकाळी पहिलं मत तुझं पडायला हवं. शकुन असतो."

"नाना, पहिल्या मताला जे वजन तेच शेवटच्याला. विचारा तुमच्या गुरुजींना."

"खरं आहे," मी म्हटलं. "फक्त पाचच्या आत ये. पाच म्हणजे पाच."

"तुझ्या शाळेत मी कधी उशिरा आलोय?" तो हसला. तो आणि मी एकाच वर्गात होतो, आणि तो रोज उशिरा यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऊन नुसतं भाजत होतं. केंद्रात सुभानरावांचा एजंट बबन पांढरी टोपी घालून, पंखा धरून बसला होता. छत्रीच्या एजंटाची खुर्ची दिवसभर रिकामी राहिली. तिथं बसायला मोकळा माणूसच त्यांच्याकडं नव्हता.

"गुरुजी, किरकोळ पक्षाचा एजंट कुठंय?" बबन मधूनमधून विचारायचा. "सुट्टे आणायला गेला का?"

पण ओळीतली माणसं येत होती. एक गेला की वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा. धावत यायची, धापा टाकत शिक्का मारायची, धावत जायची. त्यांच्या बोलण्यावरून रंगनाथ कुठं पोचलाय ते मला कळत होतं. सायकलवाला निवृत्ती म्हणाला, "लवकर करा हो गुरुजी, माझ्या दुकानात त्यानं एका ट्यूबमध्ये इतकी हवा भरलीय की फुटायचीच राहिलीय." चंद्राबाई सकाळी आठलाच येऊन गेली. तिच्या फळीवर तो बसला तेव्हा बायकांनी त्याच्या हातून बांगड्या भरून घ्यायला नकार दिला म्हणे. तो नुसता डझन मोजून देत होता आणि "घट्ट झाल्या तर चंद्राबाईला शिव्या द्या," म्हणत होता.

चंद्राबाईनंच एक गोंधळ करून ठेवला. मतपत्रिका हातात घेऊन भर खोलीत तिनं विचारलं, "यात छत्री कुठंशी आहे?"

बबन ताडकन उठला. "हा प्रचार आहे! केंद्रात निशाणीचं नाव! गुरुजी, नोंद करा."

"अरे मेल्या, ऊन लागलं म्हणून छत्री विचारली," चंद्राबाई म्हणाली आणि आत गेली.

मी बबनची समजूत घातली. तो ऐकेना. "पुन्हा एकदा जरी उमेदवाराचं किंवा निशाणीचं नाव इथं निघालं ना, तर मी लेखी तक्रार करीन. फेरमतदान घ्यायला लावीन. तुमचा दोस्त उभा आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे, गुरुजी."

ते मला लागलं. मी उमेदवाराचा मित्र होतो, म्हणूनच मला काकणभर जास्त काटेकोर राहायला हवं होतं. मी सगळ्यांना बजावलं, शाळेच्या आवारात कुणीही कुठल्याच उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही.

चारला दहा कमी असताना नाना आले. अनवाणी. डोक्याला पंचा. मत देऊन खोलीबाहेर पडले आणि दाराच्या चौकटीला धरून तिथंच खाली बसू लागले. मी धावत जाऊन त्यांना धरलं. अंग तापलं होतं, पण हात गार पडले होते.

"सकाळपासून काही खाल्लं का?"

"गिऱ्हाईक होतं रे. झोक्याचे दोर... सगळं वेशीबाहेरपर्यंत उभं..."

मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. माठातलं पाणी दिलं, पंचा भिजवून डोक्यावर ठेवला. शिपायाला सांगून गुळाचा खडा आणवला. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. लगेच उठू लागले.

"बसा नाना. या उन्हात पुन्हा चालत गेलात तर वाटेत पडाल."

"नाही रे, जायला पाहिजे. दुकान..."

"दुकान बघेल कुणीतरी. ओळ आहे की सगळी."

"तसं नाही भास्कर. तिथं रंगनाथ..."

बबननं खिडकीतून मान बाहेर काढली.

मी ओठांवर बोट ठेवलं. वर्गात मुलांसमोर ठेवतो तसंच. "नाना, हाताची घडी, तोंडावर बोट. इथं नाव घ्यायचं नाही. नियम आहे."

नाना माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच त्यांनीही आपल्या ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात कधी शाळेत न बसलेला तो माणूस साठाव्या वर्षी शाळेच्या बाकावर, धाकट्या भावाचं ऐकून, तोंडावर बोट ठेवून बसला. मला हसू आलं आणि भरूनही आलं. वाटलं, इतका शहाणा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही.

मी आत गेलो. रांग वाढली होती. साडेचारच्या सुमारास बाहेर डोकावलो तर नाना जागेच होते. मला बघताच त्यांनी पेठेच्या दिशेनं हात केला. दुसऱ्या हाताचं बोट अजून ओठांवर होतं. त्यांना घरी जायची घाई झालीय असं मला वाटलं. मी खुणेनंच सांगितलं, बसा, पाच वाजले की मीच नेतो. त्यांनी पुन्हा हात केला. मी पुन्हा 'बसा' म्हटलं. तेवढ्यात आत कुणाच्या तरी बोटाला शाई आधीच लागलेली निघाली आणि बबननं आरडाओरडा सुरू केला. पुन्हा बाहेर पाहिलं तेव्हा नानांना भिंतीला टेकून झोप लागली होती. बोट ओठांवरून घसरून मांडीवर आलं होतं. मी त्यांना उठवलं नाही. झोप लागली हे बरंच झालं, असं वाटलं.

पाच वाजता मी स्वतः शाळेची घंटा दिली. रांगेत चौघं होते, त्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि शिपायाला म्हटलं, "फाटक लाव."

फाटक लागलं. कडी बसल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्या चौघांची मतं पडायच्या आधीच, म्हणजे तीन-चार मिनिटं झाली असतील, रंगनाथ धावत आला. वहाणा हातात. सदरा पाठीला चिकटलेला. फाटकाच्या गजांना धरून त्याला आधी बोलताच येईना.

"भास्कर..."

बबन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं घड्याळाचा हात पुढं केला. "पाच वाजून चार मिनिटं, गुरुजी. बघा बुवा. तुमच्यावर आहे."

रांगेतल्या चौघांनी माझ्याकडं पाहिलं. पोलिसानं पाहिलं.

"वेळ संपली, रंगनाथ," मी म्हटलं. "आता नाही."

तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, व्हरांड्यात. बाकावर झोपलेल्या नानांवर. तो तसाच बघत राहिला. मग त्याचे हात गजांवरून खाली आले.

"नानांना बरं नाही का?" त्यानं विचारलं.

"चक्कर आली होती. आता बरे आहेत."

"मग ठीक," तो म्हणाला. वहाणा खाली टाकून पायात घातल्या आणि निघून गेला.

त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोलू?

आखाजीच्या दिवशी कचेरीत मोजणी झाली. बाहेर झाडाझाडाला नानांच्या दोरांचे झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. आमच्या पेठेची मतं दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. सुभानराव दोनशे सत्त्याऐंशी. रंगनाथ दोनशे सत्त्याऐंशी.

कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. पितळी तांब्यात दोन घड्या घातलेले कागद. साहेबांनी हात घातला आणि एक उलगडला. सुभानरावांच्या माणसांनी गुलाल उधळला तेव्हा थोडा रंगनाथच्याही खांद्यावर पडला. त्यानं तो झटकला नाही.

मी त्याला कचेरीच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. मला राग आवरत नव्हता.

"एक मत! तुझं स्वतःचं एक मत, रंगनाथ! चाळीस घरं तुझ्या भरवशावर होती. ज्याला स्वतःच्या मताला वेळेवर पोचता येत नाही, तो पेठेचं काय भलं करणार होता? लहानपणापासून तुला घड्याळ कधी कळलंच नाही."

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"चुकलंच माझं, गुरुजी," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला 'गुरुजी' म्हटलं. पुढं कधीच 'भास्कर' म्हटलं नाही.

दिवाळी झाल्यावर ओळ पाडली. पाडायला माणसं आली तेव्हा ओळीनं स्वतःच आपापले पत्रे उतरवून घेतले. म्हणाले, परक्या हातानं नको. नानांनी फळी घरी आणली आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. त्या मतदानाच्या दिवसापासूनच ते कमी बोलू लागले होते. केंद्रातून घरी नेताना मी त्यांना सांगितलं होतं की रंगनाथला उशीर झाला, मी फाटक उघडलं नाही. ते वाटेत थांबले होते. "फाटक... उघडलं नाहीस," एवढंच म्हणाले. मला वाटलं, अशक्तपणा आहे.

पुढच्या चैत्रात नानांनी अंथरूण धरलं. रंगनाथ रोज दुपारी यायचा, उशाशी बसायचा. दोघं फारसं बोलत नसत. एका दुपारी मी औषध घेऊन आत गेलो तर नानांनी रंगनाथचा हात धरलेला होता.

"ऊठ आता, रंगा," ते म्हणत होते. "फार वेळ बसवलं रे तुला. ऊठ आता."

मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. मी म्हटलं, "नाना, बसू दे की त्याला. घाई नाही त्याला."

रंगनाथ उठला. बाहेर अंगणात गेला आणि त्या टेकवलेल्या फळीवर कपाळ ठेवून लहान मुलासारखा रडला. माझ्या भावासाठी रडतोय, असं मी समजलो. दोन दिवसांनी नाना गेले.

त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. रंगनाथ सायकलला पेटी बांधून खेडोपाडी शाळांतून पाट्या-वह्या विकत फिरू लागला. मी चौथीचा वर्ग शिकवत होतो. मुलांना निवडणूक शिकवायची वेळ आली की मी दर वर्षी एक गोष्ट सांगायचो. नाव न घेता. एक केंद्राध्यक्ष होता, त्याचा जिवलग मित्र उमेदवार होता, मित्र चार मिनिटं उशिरा आला, फाटक बंद झालं होतं. केंद्राध्यक्षानं काय करावं, मुलांनो? मुलं हिरिरीनं बोलायची. शेवटी मी फळ्यावर लिहायचो, 'नियम सर्वांना सारखा'. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. रंगनाथकडून घेतलेल्या वहीत.

एका वर्षी मी ही गोष्ट सांगत असताना तो व्हरांड्यातच होता, वह्यांचा गठ्ठा सोडत. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पण गुरुजी, त्या मित्राला उशीर का झाला?"

"उशीर करणाऱ्याकडं कारणं पुष्कळ असतात," मी म्हटलं.

"पण काय होतं कारण?"

मी कधी विचारलंच नव्हतं. दारातून रंगनाथ म्हणाला, "गुरुजी बरोबर सांगतात, बाळ. घंटा झाली की दार बंद." आणि हसून तिला एक पेन्सिल दिली.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर म्हाताऱ्या चंद्राबाईनं मला ओसरीच्या कोपऱ्यात बोलावलं. तिच्या हातात आता एकही बांगडी नव्हती, गिऱ्हाइकांना भरायचीही शक्ती राहिली नव्हती.

"गुरुजी, त्यानं आम्हाला शपथ घातली होती. तो गेला, शपथही गेली. म्हणून सांगते. नाहीतर मी गेल्यावर सांगायला कुणी राहायचं नाही."

"काय, चंद्राबाई?"

"त्या दिवशी तो नानांच्या फळीवर बसला होता."

मी तिच्याजवळ खाली बसलो.

"शेवटचं दुकान ते. नाना मत द्यायला गेले, येतील म्हणून हा बसला. साडेचार झाले. मी माझ्या फळीवरून ओरडले, अरे, तुझं मत? म्हणतो, नाना यायचेत. पावणेपाच झाले. मी गिऱ्हाईक सोडून गेले. म्हटलं ऊठ, मी बसते. म्हणतो, दुकान नानांचं, ऊठ नानांनी म्हणायचं. आज राखण मोडली तर उद्या कुठल्या तोंडानं सांगू की ही ओळ एक आहे? शेवटी मी त्याचा हात धरून ओढला. म्हटलं, नानांच्या वतीनं मी म्हणते, ऊठ आता. तेव्हा उठला. तेव्हा पळाला."

"नाना माझ्याकडं होते," मी म्हटलं. "मी बसवलं होतं त्यांना."

"ठाऊक आहे. त्यानं फाटकातून पाहिलं ना. मोजणीच्या संध्याकाळी त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, हे भास्करला कळता कामा नये. ओळ गेली तर गेली. तो मुलांना शिकवतो. त्याला कळलं तर उद्यापासून फळ्यावर त्याचा हात कापेल. पोरांचं अक्षर बिघडेल." तिनं पदर सावरला. "नानांनाही त्यानंच शपथ घातली होती. नानांना फार जड गेलं ते."

मी घरी आलो. अंगणातली फळी कधीच कुजून गेली होती. जिथं ती टेकवलेली असायची तिथं मी उभा राहिलो. नानांचा हात आठवत होता, पेठेकडं केलेला. एकदा नव्हे, दोनदा.

माझ्या नोकरीची तेव्हा दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी निवडणुकीचा धडा आला तेव्हा मी गोष्ट सांगितली नाही. पण आधीच्या वर्गातल्या भावाबहिणींकडून मुलांनी ती ऐकलेली होती. "गुरुजी, फाटकाची गोष्ट सांगा ना!" सगळा वर्ग ओरडू लागला. सवयीनं माझा हात वर गेला, बोट ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. समोर चाळीस मुलं बसली होती. मला बघून त्यांनी पटापट हाताची घडी घातली आणि आपापल्या ओठांवर बोटं ठेवली.

"बोटं काढा," मी म्हटलं.

मुलं गोंधळली.

"काढा. ज्याला जे सांगायचंय ते त्यानं सांगा. मी ऐकतो."

पुढची दोन वर्षं माझ्या वर्गात फार गोंगाट असे. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून विचारलं, "गुरुजी, तुमचा वर्ग तर सगळ्यात शिस्तीचा होता. काय झालं?" मी म्हटलं, "वय झालं साहेब, आता आवरत नाही."

आणि वर्गात परत जाऊन, कुणाचं काही सांगायचं राहिलंय का, ते विचारत बसायचो.